हप्त्याचा फोन आणि पितळेचा गुंड

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी आम्ही विहारात बसलो होतो. वंदना आटोपली होती, पोरे अजून जमायची होती. समोर पडलेल्या वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर मोबाईलच्या बाजाराबद्दल मजकूर होता. नव्या स्मार्टफोनला उठाव नाही, लोक जुनाच फोन जास्त दिवस वापरतात, आणि घेतलेला फोन विकायला गेले तर पूर्वीसारखा भाव मिळत नाही, असा त्याचा एकूण सूर. त्यात ‘निरुत्साही ग्राहक’ असा एक शब्द होता. त्या शब्दापाशी आम्ही अडकलो. कारण त्याच्या दोनच आठवडे आधी आम्ही तीन महिन्यांचा एक फोन घेऊन तिरोड्याच्या आणि गोंदियाच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवून आलो होतो. तो फोन ज्या घरातला होता, त्या घरात उत्साहाची कमतरता आम्हाला कुठेच दिसली नव्हती. कमतरता दुसऱ्याच गोष्टीची होती.

हे लिखाण त्या घराबद्दल आहे आणि आमच्या एका चुकीबद्दलही. चूक आधी सांगतो.

आमच्या वस्तीतल्या एका बाई बिडी वळतात, पावसाळ्यात रोवणीला आणि नंतर धानकापणीला जातात. नवरा नाही. मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली, तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशाचा अर्ज ऑनलाईन, कागदपत्रे ऑनलाईन, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. घरात एकच फोन, त्याची काच तडकलेली, आणि त्यात ओटीपी यायचा तोवर त्याची मुदत संपलेली असायची. बाईंनी आम्हाला विचारले, “भाऊ, कोणाचा वापरलेला पाहून देता काय? चार-पाच हजारांत?” आम्ही मोठ्या जाणत्याच्या आवाजात सांगितले, “जुना घेऊ नका बाई, त्यात फसवणूक असते. नवाच घ्या. उद्या अडचण आली तर विकता तरी येते.”

हे शेवटचे वाक्य आमचे आहे. ते आम्ही कुठे वाचले नव्हते, कुणाला विचारले नव्हते. घरात घेतलेली वस्तू अडीअडचणीला मोडता येते, हा आमच्या आजी-आईच्या काळातला हिशेब आम्ही मोबाईलला लावून टाकला.

जुलै 2025 मध्ये फोन घेतला. किंमत 14,499 रुपये. 2,499 रोख, 600 प्रोसेसिंग फी, आणि बाकीचे 12,000 रुपये आठ हप्त्यांत, महिना 1,500. बाईंच्या नावावर कर्ज बसले नाही, कारण त्यांनी आयुष्यात कधी कर्जच घेतलेले नव्हते, आणि ज्याने कर्ज घेतले नाही त्याची पत नाही असा या धंद्याचा नियम आहे. (सावकाराच्या वहीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना ‘तुमचा कर्जाचा इतिहास नाही’ असे सांगितले जाते, ही गंमत नोंदवून ठेवतो.) म्हणून कर्ज आमच्या नावावर घेतले. बिलही आमच्याच नावाचे निघाले. हप्ता मात्र बाई देणार होत्या. लाडकी बहीण योजनेचे 1,500 येतात, हप्ताही 1,500 चा, म्हणजे इकडून आले आणि तिकडे गेले, असे गणित आम्हीच त्यांना बोटांवर मोजून दाखवले होते.

आता ही किंमत आपल्या मापात मोजून पाहा. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे एक मध्यम फोन सहा क्विंटलहून थोडे जास्त धान. पण बाईंकडे शेतीच नाही, त्यामुळे हे माप त्यांच्या कामाचे नाही. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात याच वर्षी रोजची 312 रुपये. त्या मापाने फोन साडेसेहेचाळीस दिवसांचा. आणि हे साडेसेहेचाळीस दिवस मीठ-मिरचीलाही हात न लावता. या किमतीत 18 टक्के जीएसटी आहे, तो काढला तर साधारण 2,200 रुपये निघतात, म्हणजे सात दिवसांची मजुरी निव्वळ कर. मोबाईलवरचा हा कर आधी 12 टक्के होता. तो 1 एप्रिल 2020 पासून 18 झाला. ती तारीख आठवा. देशभर टाळेबंदी लागून आठवडा झाला होता, शाळा बंद झाल्या होत्या, आणि पुढे दोन वर्षे आमच्या पोरांची शाळा त्याच फोनमध्ये भरणार होती. सप्टेंबर 2025 मध्ये करांचे टप्पे बदलले, तेव्हा एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा कर 28 वरून 18 वर आला. मोबाईल होता तिथेच राहिला. आमच्या वस्तीत एसी कोणाकडे आहे ते विचारू नका.

ऑक्टोबरच्या मध्यावर मुलीचा प्रवेश पक्का झाला. वसतिगृहाची अनामत, गणवेश आणि किरकोळ मिळून नऊ हजार रुपये चार दिवसांत भरायचे होते. शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, आधी भरा, असे संस्थेचे म्हणणे. बाईंना आमचे वाक्य आठवले. त्या मुलीला घेऊन फोन विकायला गेल्या. आम्हाला सांगितलेही नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखे काय होते?

दुकानदाराने फोन उलटसुलट पाहिला, डबा पाहिला, बिल पाहिले. बिलावर आमचे नाव. मग मुलीचे आधार कार्ड मागितले, त्यावरचे आडनाव वाचले, आणि विचारले, “कोणाचा उचलला?”

मुलीने आम्हाला हे सांगितले तेव्हा ती रडत नव्हती. तिचा चेहरा नुसता बंद झाला होता. बाई म्हणाल्या, “भाऊ, मी का सांगू त्याले? बिल तुमच्या नावाचं, फोन माझ्या पोरीचा, हप्ता माझा. हे समजावू तरी कसं?” त्याने शेवटी 3,500 देऊ केले होते. ज्याचे बिल आहे त्याला आणले तर पुढचे बोलू, असेही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खांद्याला पिशवी, खिशाला पेन. आम्हाला ‘सर, बसा’ झाले. भाव थेट 6,000 वर गेला. फोन तोच, डबा तोच. बिलाचा प्रश्न सुटला म्हणून भाव वाढला हे खरे आहे, आणि चोरीच्या फोनची भीती दुकानदाराला असते हेही खरे आहे. संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन आयएमईआय क्रमांकावरून बंद करता येतो, त्यामुळे बिनबिलाचा फोन घेतला आणि तो चोरीचा निघाला तर दुकानदाराचे पैसे बुडतात, वर पोलीस. इतपत आम्ही समजू शकतो. पण बिल मागणे वेगळे आणि आडनाव वाचून ‘उचलला’ म्हणणे वेगळे. पहिली धंद्यातली खबरदारी आहे. दुसरीला काय म्हणायचे ते वाचकांना सांगायची गरज नाही.

त्या दुकानातून निघून आम्ही रेल्वेने गोंदियाला गेलो, तिथे दोन दुकाने केली. कुठे 5,800, कुठे 6,000. तिथला एक पोरगा भला होता, त्याने खुर्चीवर बसवून सगळा धंदा समजावला. तो म्हणाला, हाच फोन दसऱ्याच्या ऑनलाईन सेलमध्ये कोरा करकरीत 10,999 ला विकला गेला. तेव्हा वापरलेल्याला आठ हजार कोण देईल? फार तर सात-साडेसातला जाईल. त्यात बॅटरी कशी निघते कोण जाणे, महिना-दोन महिने काचेत पडून राहिला तर भाव आणखी उतरणार, आणि आपले हजार-दीड हजार सुटले पाहिजेत. म्हणून सहा. त्याच्या हिशेबात आम्हाला खोट दिसली नाही. वापरलेल्या वस्तूचा भाव तिच्या मूळ किमतीवरून ठरत नाही, तीच वस्तू आज नवी कितीला मिळते त्यावरून ठरतो. कंपनीने स्वतःच्या मालाचा भाव तीन महिन्यांत साडेतीन हजारांनी पाडला, तेव्हा तिने तिचा साठा रिकामा केला. आणि तोटा गेला तो जुलैत पूर्ण भावाने घेणाऱ्याच्या घरात.

आता बाईंचा हिशेब असा. रोख, फी आणि तीन हप्ते मिळून 7,599 रुपये देऊन झाले होते. पाच हप्ते म्हणजे 7,500 अजून द्यायचे होते. फोन विकून येणार 6,000. म्हणजे फोनही गेला, दिलेले साडेसात हजारही गेले, आणि वर दीड हजाराचे देणे उरले. नऊ हजारांची गरज घेऊन गेलेली बाई दीड हजाराची कर्जदार होऊन परत येते. हेच ते वर्तमानपत्रातले ‘पुनर्विक्री मूल्यातील घसरण’.

आता त्या ‘निरुत्साही ग्राहका’कडे येतो. आयडीसी या संस्थेच्या आकड्यांनुसार भारतात 2021 मध्ये कंपन्यांनी सुमारे 16.1 कोटी स्मार्टफोन बाजारात पाठवले. 2022 मध्ये ते 14.4 कोटींवर आले. 2023 मध्ये 14.6 कोटी, 2024 मध्ये 15.1 कोटी. एवढी लोकसंख्या, एवढी जाहिरात, ऑक्टोबर 2022 पासून 5जीचा एवढा गाजावाजा, तरी 2021 चा आकडा परत गाठता आला नाही. पण याच काळात एका फोनची सरासरी किंमत मात्र चढत गेली. नग कमी आणि रक्कम जास्त. म्हणजे महाग फोन घेणारे वाढले आणि दहा हजारांच्या आतला फोन घेणारे बाजाराबाहेर राहिले. कंपन्यांनीही स्वस्त फोनकडे पाठ फिरवली, कारण त्यात सुटत नाही. 2025 च्या शेवटी मेमरी चिपचे भाव भडकले, जगभरातल्या डेटा सेंटरांनी त्या उचलल्या म्हणून. त्याचा चटका सगळ्यात आधी स्वस्त फोनला बसतो, कारण चिपचा वाटा त्याच्या किमतीत जास्त असतो. दुसऱ्या बाजूला 2024-25 मध्ये भारतातून सुमारे दोन लाख कोटी रुपयांचे स्मार्टफोन परदेशी गेले. फोन इथे बनतात, बनवणारे हात इथले आहेत, आणि त्या हातांना तो घेणे परवडत नाही. याला निरुत्साह म्हणायचे असेल तर उपाशी माणसालाही जेवणाबद्दल निरुत्साही म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट त्या गोंदियाच्या पोराने सांगितली. आयफोन दोन-तीन वर्षे वापरूनही बऱ्या भावाने जातो. स्वस्त अँड्रॉईड फोन वर्षभरात निम्म्याच्या खाली येतो, अपडेट बंद झाले की त्याहून खाली. म्हणजे लाखाचा फोन घेणाऱ्याचा तोटा टक्क्यांत कमी आणि चौदा हजारांचा घेणाऱ्याचा जास्त. ज्याच्याकडे आहे त्याचे टिकते.

इथे आमच्याच काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येतो. ‘पोरांना फोनच कशाला पाहिजे? ऐपत नाही तर घ्यायचा नाही. बाबासाहेबांनी पुस्तकांवर पैसे घातले, ही पोरे फोनवर घालतात.’ हे भाषण आम्हीही केलेले आहे. समाजशास्त्र शिकताना थॉर्स्टीन वेब्लेनचा 1899 चा ग्रंथ अभ्यासाला होता, त्यातली दिखाऊ उपभोगाची कल्पना आम्हाला फार आवडली होती. ती घेऊन आम्ही वस्तीत आलो आणि प्रत्येक नव्या फोनवर, प्रत्येक बुटावर लावत सुटलो. एकदा भीमजयंतीच्या तयारीच्या बैठकीत एका पोराने आम्हाला थांबवले. म्हणाला, “भाऊ, तुम्ही म्हणता पुस्तकं घ्या. बाबासाहेबांचे खंड माझ्या फोनातच आहेत. घरी ठेवाले फळी नाही.” सगळे हसले. आम्हीही हसलो, पण त्या दिवसापासून वेब्लेन थोडा मागे ठेवला आहे. त्याने लिहिले होते रिकामटेकड्या श्रीमंतांबद्दल, आम्ही ते लावत होतो बिडी वळणाऱ्यांच्या पोरांना.

खरे तर याबाबतीत आपल्याला वेब्लेनची गरज नव्हतीच. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ उघडून पाहा. 1936 च्या त्या न झालेल्या भाषणाच्या सुरुवातीलाच बाबासाहेब काय नोंदवतात? इंदूर भागातल्या बलाई लोकांनी काठाची धोतरे नेसू नयेत, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे हुकूम. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावी 1935 साली अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी भरू लागल्या म्हणून त्यांना मारहाण. चकवाऱ्याला जेवणात तूप वाढले म्हणून हल्ला. धोतर, दागिना, भांडे, तूप. आमच्या माणसाच्या हातात चांगली वस्तू दिसली की कोणाच्या तरी पोटात दुखते, हा या देशाचा जुना रोग आहे. 2015 साली शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या एका तरुणाचा जीव गेला, निमित्त होते मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. तेव्हा ‘तुम्हाला फोन कशाला पाहिजे’ हा प्रश्न विचारताना आपण कोणाच्या सुरात सूर मिसळतो आहोत, याचे भान चळवळीतल्या माणसाने ठेवले पाहिजे.

आणि आता तर हा प्रश्नच बाद झाला आहे. फोन हौसेची गोष्ट राहिलेली नाही. सरकारने तो हक्काच्या दारावरचा कुलूप करून ठेवला आहे. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही तर मजुरी अडकली. 2021 पासून ई-पीक पाहणी, तीही फोनवर, आणि ती नोंद नसेल तर धान खरेदी केंद्रावर अडचण. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आली, त्यालाही ओटीपी. म्हणजे बाईंना 1,500 मिळवायला फोन पाहिजे आणि फोनचा हप्ता द्यायला ते 1,500 पाहिजेत. आम्ही बोटांवर दाखवलेले सुंदर गणित हे असे गोल फिरत होते. एखाद्या महिन्याचे पैसे उशिरा आले की हप्ता चुकतो, आणि चुकला की दंड वेगळा. हप्ता थकला की फोनच दुरून बंद पाडण्याची सोय कर्ज देणाऱ्यांकडे असते. ती कायदेशीर करावी की नाही यावर रिझर्व्ह बँक विचार करत असल्याच्या बातम्या 2025 मध्ये आल्या. टीव्ही ओढून नेला तर घर शांत होते. फोन बंद पडला तर मजुरीची हजेरी, रेशनचा संदेश, पोरीची शिष्यवृत्ती, सगळेच बंद. या फरकावर आपल्या संघटनांनी निवेदने का दिली नाहीत? आम्हीही दिले नाही. आता देऊ.

वस्तू सक्तीची करायची आणि तिचा खर्च गरिबाच्या गळ्यात घालायचा, याविरुद्ध उभे राहता येते, हे आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी दाखवले आहे. सरकारने कामासाठी दिलेले फोन तापत होते, मेमरी पुरत नव्हती, दुरुस्तीचा खर्च सेविकांवर पडत होता, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी राज्यभर ते फोन सरकारला परत केले. गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन कार्यालयात ठेवले. त्या बायकांमध्ये आपल्या कितीतरी जणी होत्या. त्यांच्या आंदोलनाची आठवण आपल्या व्याख्यानमालांत आम्ही तरी ऐकली नाही.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण भाषणात सांगतो आणि पुढच्या वाक्याला जातो. 1923 साली ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. तिथे वाद विनिमय दराचा होता, पण त्यांची नजर होती ती भाव आणि मजुरी यांच्यातल्या अंतरावर. भाव चढतात तेव्हा मजुरी त्याच वेगाने चढत नाही, आणि त्या फटीतून व्यापारी-कारखानदाराचा फायदा होतो आणि मजुराचे नुकसान, हे त्यांनी ओळखले होते. आज शंभर वर्षांनी आम्हाला तीच फट तिरोड्याच्या दुकानात दिसली. फक्त ती आता दुहेरी आहे. घेताना भाव चढलेला, विकताना पडलेला, आणि मजुरी मध्ये जागच्या जागी. आमच्याच तालुक्यात 3,300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. इथल्या विजेवर कुठकुठले फोन चार्ज होत असतील. आमची पोरे मात्र कामासाठी नागपूर, हैदराबाद, सुरतच्या गाड्या धरतात.

बाईंच्या नऊ हजारांचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही गोंदियाहून परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आम्हाला सांगायची लाज वाटत होती. सहा हजार मिळतात, पण त्यात नुकसान आहे, विकू नका, एवढे कसेबसे बोललो. बाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि पितळेचा एक मोठा गुंड घेऊन आल्या. सासूने बिड्यांच्या पैशातून घेतलेला, पोट थोडे चेपलेले, कड झिजलेली. म्हणाल्या, “याचं का येते ते पाहा बरं भाऊ.”

आम्ही नको म्हणालो. त्या ऐकल्या नाहीत. सकाळी भांड्याच्या दुकानात गेलो. त्याने तराजूत टाकला, साडेचार किलो भरला, 2,100 रुपये मोजून दिले. किती वर्षांचा, कोणाचा, बिल कुठे, काही विचारले नाही. विदर्भातल्या कितीतरी घरांत ही आठवण आहे, की 1956 साली नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी बायकांनी अंगावरची चांदी मोडली. ती चांदी वापरून झाली तरी चांदीच राहिली होती, म्हणून ती मोडता आली. गुंडाचेही तेच. पाणवठ्यावर तो मानाचा होता आणि अडचणीला पैशाचा झाला. आमच्या मागच्या पिढीने मिळवलेल्या वस्तूंत मान आणि बचत एकाच ठिकाणी होती. आमच्या पिढीला मानासाठी जी वस्तू घ्यावी लागते तिच्यात बचत नाही, उलट कर्ज आहे. म्हणून त्या वस्तू सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण ‘नवा घ्या, उद्या विकता येतो’ असेही यापुढे कोणाला सांगणार नाही.

उरलेल्यापैकी पाच हजार विहारातल्या बायकांच्या बचत गटाने दिले, एकोणीसशे आम्ही घातले. मुलगी वसतिगृहात गेली. फोन तिच्याजवळच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 54 टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. तेव्हा एका पोरीच्या हातातला फोन काढून घेऊन हिशेब जुळवायचा नाही, एवढे आम्ही ठरवले होते. ते जमले.

त्यानंतर विहारात आम्ही एक काम सुरू केले आहे. ज्यांनी फोन बदलले त्यांचे जुने फोन मागून घेतो. आतापर्यंत अकरा आले, त्यातले चार चालू निघाले. तिघांची बॅटरी बदलून घेतली, एकाला फक्त चार्जिंगचा पिन साफ करावा लागला. बाकीचे सुट्या भागांसाठी ठेवले. देणाऱ्याकडून त्याच्या सहीचा कागद घेतो, त्यावर आयएमईआय क्रमांक लिहितो (*#06# दाबले की दिसतो), आणि फोन घेणाऱ्या पोराच्या नावाने त्याची एक प्रत देतो, म्हणजे उद्या कोणी ‘कोणाचा उचलला’ विचारले तर हातात कागद असेल. फोन द्यायच्या आधी जुन्या मालकाचे खाते काढले की नाही तेही तपासतो, नाहीतर दिलेला फोन उघडत नाही. पहिल्या वेळी आम्ही हे विसरलो होतो आणि देणारे गृहस्थ पुण्याला निघून गेले होते.

कोणाला हप्त्यावरच घ्यायचा असेल तर आधी वहीत चार आकडे लिहायला लावतो : आज रोख किती, फी आणि विमा मिळून किती, एकूण हप्ते किती, आणि हाच फोन वापरलेला आज दुकानात कितीला घेतात. चौथा आकडा स्वतः जाऊन विचारून आणायचा. दोन पोरांनी तो आणला आणि खरेदी पुढे ढकलली. तिसऱ्याने आणला, पाहिला, आणि तरीही नवाच घेतला. म्हणाला, “भाऊ, विकाले थोडी घेतो.” त्याच्याशी वाद घातला नाही.

बाईंचा जानेवारीचा हप्ता गेला. फेब्रुवारी आणि मार्च बाकी आहे. दर महिन्याला हप्त्याच्या आदल्या दिवशी त्या विहारात येऊन पैसे आमच्या हातात देतात, कारण खाते आमचे आहे, आणि वहीत सही करून जातात. गेल्या वेळी विचारत होत्या, गुंड त्या दुकानात अजून असेल काय.